बठ्ठं शे

कानबाईच्या रविवारी मी घराचं दार लावून घेते. शेजारी म्हणतात, बाईंचं वय झालं, त्यांना ढोल सोसत नाही. ढोलाशी माझं काही वाकडं नाही. मला सोसत नाही तो रोटांचा वास. खरपूस गव्हाचा, गुळाचा तो वास भिंतीवरून आला की माझी चीड जागी होते, आणि ती बहुतेक माझ्यावरच असते. दुसऱ्यावरची चीड निदान भांडून तरी मोकळी करता येते.

खानदेशाबाहेरच्या वाचकाला कानबाई सांगायला हवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर ही देवी बसते. नारळाला डोळे, नथ लावतात, साडी नेसवतात, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याचा गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने काढतात, माणशी सव्वा मूठ. त्याचे जाड गोड रोट करतात आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही, मग तो कितीही जिवाभावाचा असो. एवढं मला तेव्हा ठाऊक होतं. याच्या पुढे आणखी एक कलम होतं, ते ठाऊक नव्हतं.

मी धुळ्याची. वडील कचेरीत कारकून, आजोबा देशावरून आलेले. त्यामुळे आमच्या घरात कानबाई नाही आणि अहिराणी तर नाहीच नाही. ती भाजीवालीशी बोलायची भाषा. मराठी फायनल पास झाले, लग्नाला नकार देऊन वडिलांशी भांडले आणि विसाव्या वर्षी चोपड्याच्या अलीकडच्या एका मोठ्या गावात मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून गेले. धुळ्याहून मोटरने नरडाणा, तिथून आगगाडीने धरणगाव, पुढे बैलगाडी आणि मग नावेतून तापी. एवढी उठाठेव करून पोचले तर शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली, शेजारी माझी एक खोली आणि बावीस मुली, त्यातल्या सहांना शेंबूड.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचं वाचून घेत होते, 'हे घर आहे. ही गाय आहे.' तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी मोठ्याने हसलं. भावाच्या मुलीला सोडायला आलेली, माझ्याच वयाची एक बाई उभी होती. उंच, सावळी, पदर कमरेला खोचलेला, हातात विळा.

"काय वं मास्तरीन, आहे आहे काय करस? शे म्हन. घर शे. गाय शे."

"शाळेत शुद्धच बोलायचं असतं," मी ठसक्यात म्हटलं.

"मंग आधी गायले समजाड."

बावीसच्या बावीस मुली हसल्या. त्या दिवशी रागाने मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ती आली नाही, तर माझं सगळं लक्ष खिडकीकडे, आणि एका मुलीला मी चुकीचं गणित बरोबर म्हणून दिलं. चौथ्या दिवशी ती आली आणि माझा जीव भांड्यात पडला. मैत्री म्हणतात ती अशी चढते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती मला मास्तरीनच म्हणायची, शेवटपर्यंत. मी तिला नुसतं 'अगं' म्हणायची. तिचं लग्न पंधराव्या वर्षी नरडाण्याकडच्या एका गावात झालं होतं. नवरा दारू प्यायचा आणि हात उचलायचा. चार वर्षं सोसलं आणि एक दिवस तीच उठून माहेरी आली, कायमची. आईबाप गेलेले. घर भावाचं आणि वहिनीचं. अशा घरात परत आलेल्या बहिणीची जागा किती असते ते खेड्यातली पोरंही सांगतील. ती मात्र त्या घरात मान वर करून राहायची. भांडी घासायची नाही, शेतात मजुरासारखी राबायची आणि भावाला मोठ्याने हाक मारायची.

आमच्या दोघींत एक गोष्ट सारखी नव्हती. मी कुठलंही वाक्य तीनदा मनात घोळवून बोलणार, ती बोलून टाकणार. निदान मला तसं वाटायचं. मी पुस्तकाशिवाय झोपत नसे. तिला मी अक्षरं शिकवायला घेतली, ती 'ग' पर्यंत आली आणि तिने पाटी खाली ठेवली. "कागदवर काय ठेवं शे? तोंड शे ना." तोंड आहे ना! हे वाक्य मी पुढे किती वेळा दातओठ खात आठवलं, त्याला मोजदाद नाही.

रोज मधल्या सुट्टीत ती यायची. वर्गात मागे, लहान मुलींच्या रांगेत मांडी घालून बसायची आणि माझ्याकडे बघत राहायची. पाटलांच्या सुनेने मला एकदा चहाला बोलावलं, तर ही चार दिवस फिरकली नाही. पाचव्या दिवशी आली आणि म्हणाली, "तिना घर चहा पिनी ना? आते तिनाच घर जाय." मी वरवर समजूत काढली, आतून मला उकळ्या फुटत होत्या. आणि मी तरी कुठे कमी होते? विहिरीवर ती दुसऱ्या बायकांशी हसली तरी माझं पित्त खवळायचं. गावच्या जत्रेत गोंदणारी आली, तेव्हा हिने माझा हात धरून तिच्यापुढे बसवलं. दोघींच्या डाव्या मनगटावर तीन तीन टिंबं, एकाच सुईची. सुट्टीत धुळ्याला गेले तेव्हा वडिलांनी ती टिंबं पाहिली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही.

धुळ्याला जाताना मी दर वेळी विचारायची, "तुला तिकडून काय आणू?" तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"मना घर बठ्ठं शे," ती म्हणायची. माझ्या घरी सगळं आहे. मग जरा थांबायची आणि माझ्याकडे न बघता उरलेलं बोलायची, "फकत तू नही शे."

त्या चार शब्दांसाठी मी जायचे आणि त्या चार शब्दांसाठी परत यायचे. हसायचं त्याने हसावं.

याच सुमाराला प्रांतात आपल्या लोकांचं सरकार आलं आणि आमच्या भागात दारूबंदी लागू झाली. ठेकेदाराचं दुकान बंद झालं, दारावर लाल रंगात 'बंद' लिहिलं. गावात दारूबंदी समिती बसली. तिचे मुख्य नाना म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. नानांनी स्वतः दारू सोडून सहा महिने झाले होते आणि नव्याने सोडलेल्या माणसाइतका कडक माणूस जगात नसतो. समितीला बायकांत बोलणारी, लिहितीवाचती बाई हवी होती. अख्ख्या गावात तशी मी एकच. घरोघर जायचं, बायकांकडून 'आमच्या घरात दारू येणार नाही' अशा कागदावर अंगठे घ्यायचे. मला वाटलं, हिला केवढा आनंद होईल. हिचा संसार दारूनेच मोडला ना?

पहिला कागद घेऊन मी तिच्याकडेच गेले. ती केळीच्या बागेत होती. भावाची विहिरीवरची बाग, मागे नाला, नाल्याकाठी एक खोप. माझा कागद बघून ती बराच वेळ हसली आणि मग माझा हात धरून खोपीमागे घेऊन गेली. तिथे चूल होती. चुलीवर मडकं, मडक्यावर मडकं, मध्ये ओल्या मातीचा लेप आणि बाजूला नळी. शेजारी दोन कणग्या, वाळवलेल्या मोहाच्या फुलांनी भरलेल्या. तोडलेल्या केळीची खोडं तिथेच कुजत पडलेली, त्या वासात मोहाचा वास लपून जायचा. जागा तिने विचार करून निवडली होती.

मी म्हटलं, "तू? तुझा नवरा दारू पिऊन—"

"दारू पेस तो मना नवरा," ती शांतपणे म्हणाली. "मी फकत काढस."

नवऱ्याच्या घरून ही एवढी एकच विद्या ती घेऊन आली होती. दुकान चालू होतं तोवर चोरून दोनचार गिऱ्हाइकंच यायची. सरकारने दुकान बंद केलं आणि माझ्या मैत्रिणीचा धंदा फुलला. "दुकान बंद जयं, तहान थोडीच बंद जयी?" असं ती म्हणायची. तिची त्या घरातली ताठ मान, भावाला मारलेली मोठी हाक, सगळी त्या मडक्यावर उभी होती. भावाला सगळं माहीत होतं आणि तो तिकडे पाठ करून केळीला पाणी द्यायचा.

मी खूप बोलले. कायदा, पाप, बायकांचे मोडलेले संसार, काही ठेवलं नाही. ती ऐकत होती आणि कणगीतली फुलं निवडत होती. मग मूठभर फुलं तिने माझ्या हातावर ठेवली. "खाय." मनुकांसारखी दिसत होती, चवीला गोड आणि जरा धुरकट. मला ती आवडली, हेच माझं नशीब. तेव्हापासून ती मला फुलांची पुरचुंडी आणून द्यायची. तिच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून तिने ती बांधलेली असायची. म्हणजे मी दिवसा बायकांचे अंगठे घेत होते आणि फिरताना पिशवीतली मोहाची फुलं तोंडात टाकत होते. आता कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही, मलाही बसत नाही.

यातून सुटायचा मार्ग मला एकच दिसत होता. हिने ते मडकं फोडावं, भावाचं घर सोडावं आणि माझ्याबरोबर यावं. दोघींना एक खोली पुरली असती. मी शाळेत शिकवेन, ती शिवणाचं काही शिकेल. मी रात्रंदिवस हेच घोळवत होते आणि नेमका आषाढात माझ्या बदलीचा हुकूम आला, धुळ्याचा. श्रावण संपायच्या आत हजर व्हायचं होतं.

मी तिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर धुळ्याला."

"देखू," ती म्हणाली. पाहू.

आठ दिवसांनी विचारलं. "देखू." पंधरा दिवसांनी विचारलं. "देखू." असा माझा संताप झाला! हो तरी म्हण, नाही तरी म्हण. बाकी वेळी तोंडाचा पट्टा चालतो आणि इथे 'देखू'. मी ओरडले, रडले, दोन दिवस दार लावून बसले. ती दाराबाहेर पुरचुंडी ठेवून गेली.

शेवटी मीच एक डाव टाकला, आणि मास्तरणीला शोभेल असा टाकला, म्हणजे परीक्षेचा. कानबाई आठ दिवसांवर आली होती. मी म्हटलं, "तू मला बहीण मानतेस ना? मग यंदा मला तुमच्या कानबाईचा रोट आणून दे. रोट आणलास तर मी समजेन तू माझी आहेस आणि धुळ्याला येणार. नाही आणलास तर मी समजेन ते समजेन."

तिचा चेहरा पडला. काहीतरी बोलणार होती. पण मला वाटलं आता पुन्हा 'देखू' ऐकावं लागेल, म्हणून मीच तिला थांबवलं. "बोलू नकोस. रोट आण नाहीतर आणू नकोस."

रविवार आला. गावभर ढोल. मी खोलीत बसून राहिले. कुणाची चाहूल लागली की उठायची, बसायची. ती आली नाही. सोमवारी सकाळी कानबाया नदीवर निघाल्या. मी देवळाच्या ओट्यावर उभी होते. तिची वहिनी डोक्यावर देवी घेऊन गेली, मागून भाऊ, भाऊबंद, सगळे. सगळ्यात मागे ती चालत होती, रिकाम्या हाताने. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी म्हटलं, झालं, मिळालं उत्तर. भाऊबंद जवळचे, मी बाहेरची. त्यांच्यासाठी रोट, माझ्यासाठी पुरचुंडी!

मंगळवारी दुपारी चावडीवर समितीची बैठक होती. मी अंगठ्यांचे कागद घेऊन गेले. बैठक चालू असताना मी पिशवीतून ती पुरचुंडी काढली, सगळ्यांसमोर सोडली आणि फुलं खात बसले. नानांची नजर गेली.

"हे काय बाई? मोहाची फुलं? घरात साठवायलाही बंदी आहे. कुठून आली?"

आता इथे मला खरं लिहिलं पाहिजे. पुढे मी लोकांना सांगत आले की मी बेसावध होते, सहज बोलून गेले. ते खोटं आहे. मला माहीत होतं मी काय करते आहे. माझ्या मनात एकच होतं की तिचं इथलं काहीतरी तुटावं म्हणजे ती माझ्याकडे येईल. आणि दुसरं असं की तिला लागावं. मला लागलं तेवढं तिलाही लागावं.

"मैत्रिणीने दिली," मी म्हटलं. "तिच्याकडे दोन कणग्या आहेत. केळीमागच्या खोपीत."

नानांनी पुढे होऊन ती पुरचुंडी उचलली आणि आपल्याजवळ ठेवून घेतली. मी घरी आले आणि पडून राहिले.

बुधवारी सकाळी वर्ग चालू होता. बाहेर गलका झाला आणि मुली उठून दारात पळाल्या. दोन शिपाई, पंच, मागे गाव. एकाच्या डोक्यावर मडकी, दोघांच्या खांद्यावर कणगी. मध्ये ती. पदर नेहमीसारखा खोचलेला. पुढे नाना चालले होते आणि त्यांच्या हातात पुराव्याची पुरचुंडी होती, हिरव्या काठाची. तो काठ तिने स्वतः फाडला होता, स्वतः गाठ मारली होती. कुणाला दिली होती हे तिला विचारायची गरजच नव्हती. शाळेसमोर आल्यावर तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर मी पाया पडले असते. पण ती पुढे निघून गेली.

तिला चोपड्याला नेलं. भाऊ पंचांपुढे म्हणाला, मला यातलं काही माहीत नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. काय सांगायला गेले होते, देव जाणे. वहिनी दारातच उभी राहिली. मी काहीबाही बोलू लागले, रोटाचंही बोलले. म्हटलं, साधा एक रोट मागितला होता, तोही तिला माझ्यासाठी आणवला नाही. वहिनीने माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"तिनाच तोंडमा रोट पडत नही, तुले कोठून देती? लगीन व्हयेल पोरले रोट देतस का कोनी?"

हे ते कलम. लग्न झालेली मुलगी परक्या कुळाची. ती माहेरी परत येवो, जन्मभर राहो, कानबाईचा रोट तिला नाही. ती रविवारी रोट लाटते, भाजते, भावाच्या पोरांना वाढते आणि स्वतः भाकरी खाते. गावातल्या शेंबड्या पोरीलाही हे ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, शुद्ध बोलणाऱ्या मास्तरणीला.

वहिनी अजून बोलत होती. "तरी यंदा तिनी मांगा. आवढा वरीसमा पहिलांदा. भाऊले म्हने, एक रोट दे. भाऊनी सांगं, रोट पाहिजे ते नवराना घर जाय. तशी ती म्हने, मी धुये जास, मास्तरीन संगे. गठुडं बांधी ठेयेल व्हतं तिनी. बुधवारले तुनाकडे येवानी व्हती."

तिने दार लोटलं तेव्हा कोनाड्याखाली ते माझ्याबरोबर धुळ्याला यायचं गाठोडं मला दिसलं. वर माझी जुनी पाटी बांधलेली होती, 'ग' पर्यंतची.

मला सांगा, तिला सोमवारी येऊन बोलता आलं नसतं? तोंड शे ना, असं मला ऐकवणाऱ्या बाईला एक वाक्य जड होतं? 'मला रोट मिळत नाही, पण मी येते.' बस. एवढं बोलली असती तर हे पुढचं काही घडलं नसतं. इतकी वर्षं मी तिच्यावर या एका गोष्टीसाठी चिडले आहे. आणि चिडून चिडून शेवटी तिथेच येते, की ती बोलणार होती आणि 'बोलू नकोस' असं मीच म्हटलं होतं.

दोन दिवसांनी तिला सोडलं. भावाने तोवर तिच्या नवऱ्याला निरोप धाडला होता. ज्या घरातून ती उठून आली होती त्याच घरी तिला परत पाठवायचं ठरलं, आणि आता 'नाही' म्हणायला तिच्या पायाखाली काही उरलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी गाडी जुंपली. मी तापीच्या धक्क्यापर्यंत पळत गेले. नवरा नावाड्याशी बोलत पुढे उभा होता. ती वाळूत गाठोड्यावर बसली होती.

मी म्हटलं, "ऊठ. आत्ता माझ्याबरोबर चल. मी नवऱ्याशी बोलते, भावाशी बोलते. माझं चुकलं."

ती नदीकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "तुले गोड लागतस म्हनीसन दिधात."

तुला गोड लागतात म्हणून दिली होती. एवढंच. मग नाव आली आणि ती बसली. मी चपला हातात घेऊन वाळूत उभी राहिले, नाव पलीकडे लागेपर्यंत.

धुळ्याला आल्यावर मी पत्रं लिहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. वर्षभरात ते सरकार गेलं आणि दारूबंदीही सैल पडली. त्या गावात लाल रंगातल्या 'बंद'वर चुना मारून पुन्हा दुकान उघडल्याचं कळलं. नानाही पुन्हा प्यायला लागले म्हणे. म्हणजे ज्या गोष्टीपायी मी हे केलं असं जगाला सांगितलं, तीसुद्धा टिकली नाही.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. स्वातंत्र्य येऊन आठवडा झाला होता, कागदी झेंडे अजून दोऱ्यांवर होते. शाळांच्या कामाने मी नरडाण्याला गेले होते. तिचं गाव तिथून दोन कोसांवर. रस्त्यावरून मोटर जाते म्हणाले, आणि मी चढले. तो सोमवार कानबाईचा होता. आता तुम्हाला वाटेल मी मुद्दाम दिवस धरून गेले. हो, धरून गेले.

तिने मला ओळखलं. "ये मास्तरीन," म्हणाली, जशी कालच भेटलो होतो. केस पिकायला लागले होते. दोन मुलगे होते. नवरा बाजेवर पडलेला, पोट फुगलेलं. त्याने दारू सोडली नव्हती, आता अंगच ती घेत नव्हतं. तिने मला पाट दिला, पोळी वाढली, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी वाढली, खीर वाढली. रोटांची टोपली कोनाड्यात झाकलेली होती. आता ती या कुळाची सून होती, तिच्या नवऱ्याच्या आणि पोरांच्या नावाचा गहू तिनेच काढला होता. मुलांना तिने रोट दिले. मग माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, तिने आपला रोट खाल्ला. बाहेरच्या माणसासमोर खायचा नसतो. घास मोडताना तिचं मनगट दिसलं. तीन टिंबं तशीच होती, जरा पसरलेली.

मी रोट मागितला नाही. इतकं तरी शिकले होते.

आम्ही पिकाचं बोललो, पोरांच्या शाळेचं बोललो. धाकट्याला 'क' काढता येतो का ते मी बघितलं. मोटरची वेळ झाली. ती दारापर्यंत आली. मी चपला घातल्या आणि पूर्वी विचारायची तसंच विचारलं, "धुळ्याहून तुला काय पाठवू?"

"मना घर बठ्ठं शे," ती म्हणाली.

मी थांबले. रस्त्यावर मोटरवाला भोंगा वाजवत होता, तरी मी उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिले, पुढच्या चार शब्दांची वाट बघत. तिने वाकून माझ्या पाटापुढचं ताट उचललं आणि घासायला मागच्या दारी घेऊन गेली.